उसने कान

रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईला गिरणी कामगार दिले, हे शाळकरी पोरही सांगेल. पण ब्रिटिशांच्या हिंदी नौदलाचा खालचा डेक कित्येक दशके याच जिल्ह्यातल्या माणसांच्या जिवावर चालला, हे फारसे कुणाच्या लक्षात नसते. १८९२ पासून ‘रॉयल इंडियन मरीन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दलात खलाशांची भरती मुख्यतः रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून व्हायची, आणि त्यातही कोकणी मुसलमानांची. बाप मरीनमध्ये, म्हणून पोरगाही मरीनमध्ये, असा तो मामला होता. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा पार बाणकोटच्या खाडीपासून गोव्याच्या हद्दीपर्यंत पसरलेला. सिंधुदुर्ग त्यातून वेगळा निघाला तो १९८१ मध्ये.

या किनाऱ्यावरच्या दालदी, खारवी, गाबीत, भंडारी मंडळींना समुद्राची खोली माहीत होती ती वावांत. दोरीला शिसे बांधून ते पाण्यात सोडायचे, तळ लागला की दोरी वर ओढत दोन्ही हात पसरून मोजायची. मोठ्या जहाजांवर शिशाच्या बुडाला चरबी चोपडत, म्हणजे खाली चिखल आहे की वाळू तेही चिकटून वर येई. शेकडो वर्षे यावर भागले. दोरीने तळ कळायचा, पण तळ आणि लाटा यांच्या मधल्या पाण्यात कोण दबा धरून बसले आहे, ते कळायला दोरी कामाची नव्हती. तशी गरजही कुणाला पडली नव्हती. ती पडली पहिल्या महायुद्धात, जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनची धान्याची जहाजे बुडवायला सुरुवात केली तेव्हा.

आवाज पाण्यातून सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. आवाज सोडायचा, तो कशावर तरी आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा, म्हणजे अंतर कळते. कल्पना एवढीच. टायटॅनिक बुडाल्यावर दोन वर्षांनी, १९१४ मध्ये, रेजिनाल्ड फेसेंडेनने याच युक्तीने हिमनग हुडकून दाखवला होता. फ्रान्समध्ये पॉल लांजवँने गारगोटीच्या स्फटिकांना विजेचे धक्के देऊन पाण्यात कानाला ऐकू न येणारा आवाज सोडला आणि पाणबुडीवरून परत आलेला प्रतिध्वनी पकडला. युद्ध संपता संपता ब्रिटिशांनी त्याचे जहाजावर बसवता येईल असे यंत्र केले आणि त्याला ‘अ‍ॅस्डिक’ म्हटले. अमेरिकनांनी पुढे दिलेले ‘सोनार’ हे नावच जगभर रुळले.

१९३४ मध्ये मरीनचे ‘रॉयल इंडियन नेव्ही’ झाले. १९३९ मध्ये युद्ध पेटले तेव्हा या नौदलात दोन हजार माणसेही नव्हती. सहा वर्षांत आकडा तीस हजारांच्या घरात गेला. एवढी माणसे एकट्या रत्नागिरीतून मिळणे शक्य नव्हते, आणि आता हवी होती तीही निराळी: इंग्रजी मॅन्युअल वाचणारी, वायरलेस समजणारी. पंजाब, मद्रास, बंगालमधून शिकलेली पोरे आली. पिढ्यान् पिढ्या समुद्र अंगवळणी पडलेला रत्नागिरीचा खलाशी दोरखंडाशी आणि सुकाणूशी राहिला, आणि नव्या यंत्रांपाशी बसला तो बहुधा मॅट्रिक झालेला, समुद्र पहिल्यांदाच पाहणारा मुलगा. तंत्रज्ञान आले की असेच होते असे म्हणून हा मुद्दा सोडून देता येईल. मला मात्र तो सोडवत नाही. अक्षरओळख नसलेल्या माणसाच्या कानालाही सूर कळतो, आणि अ‍ॅस्डिकवर काम होते ते सूर ओळखण्याचेच.

ते काम कसे चाले, ते पाहण्यासारखे आहे. जहाजाच्या बुडाखाली धातूचा एक घुमट, आत फिरणारे यंत्र. वर एका खोपटाएवढ्या केबिनमध्ये कानाला हेडफोन लावून माणूस बसलेला. तो चाक थोडे फिरवतो, आवाज सोडतो, थांबतो, ऐकतो. काही आले नाही तर चाक आणखी थोडे फिरवतो. एकेका पहाऱ्यात हेच, शेकडो वेळा. आवाज जाताना जो सूर लावून जातो त्यापेक्षा चढा होऊन परत आला तर समोरची वस्तू जवळ येते आहे, उतरला तर लांब जाते आहे. सूर तसाच राहिला तर तो बहुधा खडक, किंवा बुडालेले जहाज, किंवा सरळ मासळीचा थवा. बाजूला कागदाच्या गुंडाळीवर काटा रेघ ओढत असतो, त्यावरून अंतर कळते. पण निर्णय शेवटी कानाचा. थव्यावर बॉम्ब टाकून वर आलेले मेलेले मासे रात्री जेवणात खाल्ल्याचे किस्से त्या काळातल्या सगळ्याच नौदलांत आहेत.

हे शिकवणारी पाणबुडीविरोधी शाळा मुंबईत वर्सोव्याला, कोळीवाड्याच्या शेजारी होती. तिचे नाव ‘एच. एम. आय. एस. मछलीमार’. नाव ठेवणाऱ्याला विनोदाची जाण असावी.

शिकलेले कामी आले. ११ फेब्रुवारी १९४४ रोजी विशाखापट्टणमजवळ एका काफिल्यावर जपानी पाणबुडी ‘आरओ-११०’ने हल्ला केला. हिंदी नौदलाची ‘जमना’ आणि दोन ऑस्ट्रेलियन जहाजे, ‘इप्सविच’ व ‘लाँसेस्टन’, तिच्या मागे लागली आणि तिला बुडवले. त्याच वर्षी १२ ऑगस्टला सेशेल्सजवळ ‘गोदावरी’ आणि ब्रिटिश ‘फाइंडहॉर्न’ यांनी जर्मनीची ‘यू-१९८’ पाणबुडी तळाशी धाडली. तिच्यातला एकही माणूस वाचला नाही. मराठी वाचकाला १९४६ चे नाविकांचे बंड माहीत असते. मुंबईच्या ‘तलवार’ या नौदल तळावर १८ फेब्रुवारीला पडलेली ठिणगी मछलीमारपर्यंतही पोचली होती. त्याआधी दोन वर्षे हेच नाविक काय करत होते, ते मात्र इतिहासाच्या पुस्तकांत चटकन सापडत नाही. फाळणीत जहाजे वाटली गेली तेव्हा ‘जमना’ भारताकडे राहिली. ‘गोदावरी’ पाकिस्तानला गेली आणि ‘सिंध’ झाली.

आता या यंत्रातली एक खोट सांगायला हवी. सोनार विकणारे देश थंड समुद्रांवरचे होते आणि त्यांचे यंत्र बेतलेले होते ते उत्तर अटलांटिकसाठी. पाण्यातला आवाज तापमानाप्रमाणे वेग बदलतो, आणि वेग बदलला की सरळ जात नाही, वळतो. पाण्यात घातलेली काठी वाकडी दिसते, तसेच काहीसे. १९३० च्या दशकात अमेरिकन नौदलाला क्यूबाच्या किनाऱ्याजवळ दिसले की सकाळी ठणठणीत चालणारे सोनार दुपारी आंधळे होते. दिवसभर उन्हाने वरचे पाणी तापते, मग आवाजाचा झोत खाली वळतो आणि काही अंतरापलीकडची पाणबुडी त्याच्या वरून निसटते. वूड्स होल संस्थेतल्या लोकांनी पाण्याचे तापमान खोलीनुसार नोंदणारे छोटे उपकरण करून हे कोडे उलगडले.

अरबी समुद्रात तर हे रोजचेच. वरचा थर ऊबदार, त्याखाली एकदम थंड पाणी. आवाज त्या सीमेवरून परततो किंवा वाकतो, आणि खालच्या थंडाव्यात बसलेल्या पाणबुडीला छत मिळते. पावसाळ्यात वारे हे थर घुसळतात, पावसाळ्यानंतर ते पुन्हा बसतात. म्हणजे ऑक्टोबरात जे ऐकू येते ते जुलैत येईलच असे नाही. मुंबईसमोर उथळ समुद्र तीनशे किलोमीटर आत जातो, दक्षिणेकडे ही पट्टी अरुंद होत जाते. उथळ पाण्यात आवाज तळ आणि पृष्ठभाग यांच्यात आपटत राहतो आणि यंत्रात नुसता गलका ऐकू येतो. भर म्हणून उष्ण पाण्यात नांगी वाजवणारी कोळंबी असते. तिच्या कडकडाटाने हेडफोन भाजणीच्या कढईसारखे तडतडतात.

हे समजून घ्यायला देशाला घरची प्रयोगशाळा हवी होती. १९५२ मध्ये कोचीला नौदलाची भौतिकी प्रयोगशाळा निघाली. पुढे ती डीआरडीओत गेली आणि तिची ‘एनपीओएल’ झाली. साठच्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहिमेत ‘कृष्णा’ ही युद्धातली जुनी स्लूप संशोधनासाठी समुद्रात फिरली. त्या मोहिमेचे फळ म्हणून १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था निघाली. तिचे मुख्यालय गोव्यात, दोनापावलला. अभ्यास असा सावकाश चालला होता. जहाजे मात्र ब्रिटनमधून येत होती आणि जहाजाबरोबर जे सोनार येई ते मुकाट्याने घ्यायचे होते.

१९५८-५९ मध्ये अशीच तीन जहाजे आली: ‘खुकरी’, ‘किरपाण’ आणि ‘कुठार’. ब्रिटिशांची ही स्वस्तातली, फक्त पाणबुड्या मारण्यासाठी बांधलेली जात. शोधायला १७४ क्रमांकाचे सोनार, नेम धरायला १७०, आणि मारायला तीन नळ्यांच्या उखळी तोफा, ज्यांचा पल्ला किलोमीटरभरच. म्हणजे पाणबुडीच्या जवळपास डोक्यावर जाऊन उभे राहायचे. १९५८ मध्ये हे चालण्यासारखे होते. १९६६ मध्ये पाकिस्तानने फ्रान्सकडून डाफ्ने जातीच्या तीन पाणबुड्या मागवल्या आणि गणित बदलले. ‘हंगोर’, ‘शुशुक’ आणि ‘मांग्रो’ या सत्तरपर्यंत दाखल झाल्या. त्यांचे फ्रेंच सोनार या ब्रिटिश सोनारांपेक्षा कितीतरी लांबचे ऐकत होते. शस्त्रबाजार असाच चालतो. एका दुकानातून ढाल घ्यायची आणि शेजाऱ्याने दुसऱ्या दुकानातून ती भेदणारा भाला घ्यायचा. दुकानदार मात्र दोघेही एकाच गोटातले असतात.

डिसेंबर १९७१. युद्ध जाहीर व्हायच्या आधीच ‘हंगोर’ मुंबईसमोर येऊन बसली होती. कमांडर अहमद तस्नीम तिचे कप्तान. भारताचा पश्चिमी ताफा बाहेर पडताना त्यांना ऐकू आला, पण गोळीबाराची परवानगी नव्हती, म्हणून ताफा तसाच पुढे गेला. ४ डिसेंबरच्या रात्री भारताच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. त्या नौकांना सोबत होती ‘किल्टन’ आणि ‘कच्छल’ यांची, म्हणजे रशियाकडून घेतलेल्या नव्या पाणबुडीविरोधी जहाजांची. ज्यांचे काम पाणबुड्या शोधणे, ती जहाजे क्षेपणास्त्र नौकांच्या दिमतीला गेली. त्या रात्रीच्या विजयाचे कौतुक करताना हा हिशेब सहसा मांडला जात नाही.

दीवच्या नैर्ऋत्येला पाणबुडी असल्याचा रेडिओ-सुगावा लागला तेव्हा मुंबईहून पाठवायला उरली ती खुकरी आणि किरपाण. कुठारचा बॉयलर बिघडलेला, ती मुंबईतच राहिली. ८ डिसेंबरला दोन्ही जहाजे निघाली. खुकरीवर कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला होते, या तुकडीचे प्रमुख. शिवाय लेफ्टनंट व्ही. के. जैन होते. सोनारचा पल्ला वाढवण्यासाठी त्यांनी एक सुधारणा केली होती आणि तिची चाचणी चालू होती. चाचणीसाठी जहाज हळू चालवावे लागे, कारण वेग वाढला की पाण्याचा खळखळाट यंत्रात शिरतो. दोन्ही जहाजे संथ, जवळजवळ सरळ रेषेत चालली होती. पाणबुडीच्या प्रदेशात सरळ आणि संथ चालू नये, हा पहिला धडा. तरीही लांबचे ऐकू यावे म्हणून तो मोडावा लागला. व्हाइस अॅडमिरल गुलाब हिरानंदानींनी नौदलाच्या इतिहासात हा प्रसंग तपासला आहे, आणि संथ वेगाचा मुद्दा त्यांनी झाकून ठेवलेला नाही.

‘हंगोर’ने त्यांना सोनारवर आधीच पकडले होते. ९ तारखेच्या संध्याकाळी जवळ येऊन तिने दुर्बीण वर काढली. अंधारात दिवे मालवलेली जहाजे दिसली नाहीत. तस्नीमनी दुर्बीण आत घेतली, पाणबुडी आणखी खाली नेली आणि निव्वळ आवाजावर चढाई केली. रात्री साडेआठ-नऊच्या दरम्यान पहिला टॉर्पेडो किरपाणच्या खालून न फुटता निघून गेला. दुसरा खुकरीच्या पोटात फुटला. काही मिनिटांत जहाज पाण्याखाली गेले. १८ अधिकारी आणि १७६ नाविक, एकूण १९४. कॅप्टन मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. तिसऱ्या टॉर्पेडोने किरपाणचा पाठलाग केला, ती निसटली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. पाण्यातून ६७ जण जिवंत निघाले. मग चार दिवस जहाजे, हेलिकॉप्टरे आणि विमाने त्या पट्ट्यात ‘हंगोर’ शोधत फिरली, बॉम्ब टाकत राहिली. ‘हंगोर’ कराचीला सुखरूप पोचली.

खुकरीचे स्मारक दीवला आहे, समुद्राकडे तोंड करून, काचेच्या घरात जहाजाची प्रतिकृती ठेवून. १९९९ मध्ये ते झाले. मुल्लांच्या धीरोदात्त मरणाची कथा तिथे प्रत्येक जण ऐकतो. सोनारची कथा ऐकायची असेल तर मात्र आयआयटी दिल्लीच्या एका खोलीत जावे लागते.

त्या खोलीत नौदलाचा एक तरुण अधिकारी पीएच.डी. करत होता: आरोग्यस्वामी पॉलराज. तमिळनाडूतल्या पोल्लाचीचा जन्म, पंधराव्या वर्षी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल, नंतर लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी. म्हणजे घडण पुणे जिल्ह्यातली. दिल्लीत पी. व्ही. इंदिरेसन यांच्या हाताखाली ते गोंगाटातून संदेश कसा वेगळा काढायचा याचे गणित मांडत होते. खुकरी गेल्यावर नौदलाने त्यांना विचारले, हे ब्रिटिश सोनार सुधारता येईल का? वर्ष-दीड वर्षात १७०बी सोनारची सुधारित आवृत्ती ताफ्यात आली. घुमट तोच, आतला स्फटिक तोच. फरक पडला तो परत आलेल्या आवाजाच्या हिशेबात.

पण डागडुजीला मर्यादा असते. माझगाव गोदीत तेव्हा लिएंडर जातीच्या फ्रिगेटी बांधल्या जात होत्या. पहिली ‘निलगिरी’ जून १९७२ मध्ये नौदलात आली, त्यानंतर ‘हिमगिरी’, ‘उदयगिरी’, ‘दुनागिरी’, ‘तारागिरी’, ‘विंध्यगिरी’. सांगाडा मुंबईत, लालबाग-परळच्या चाळींत राहणाऱ्या कोकण्यांच्या हातून बांधला जाई, आणि कान विलायतेहून येत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉलराजांना कोचीला पाठवले गेले आणि नवे सोनार मुळापासून करायचे ठरले. त्याचे नाव ‘अप्सोह’. आधीच्या यंत्रांत आवाजाचा झोत एकेका दिशेला फिरवावा लागे. हे एकाच वेळी सगळीकडे ऐकणार होते, आणि ऐकलेले संगणकाने गाळून घेणार होते. १९८३ मध्ये ते ‘हिमगिरी’वर बसले. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने त्याचे उत्पादन केले, आणि त्याच्याच वंशातली ‘हंसा’ मालिका पुढे एकामागून एक जहाजांवर चढली.

उष्ण समुद्राचे तापमान, त्यातले थर, त्यातली कोळंबी या सगळ्यांचा हिशेब ज्याच्या आतच मांडला आहे, असे सोनार पहिल्यांदाच या समुद्राला मिळाले. ते मिळायला १९४ माणसे जावी लागली असे म्हणणे सोपे आहे, आणि निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे असे की कोचीची प्रयोगशाळा १९५२ पासून होती, माणसेही होती. नव्हती ती त्यांना काम सांगणारी इच्छा.

पॉलराज नौदलातून कमोडोर म्हणून निवृत्त झाले आणि स्टॅनफर्डला गेले. अनेक कानांनी एकाच वेळी ऐकून एकमेकांत मिसळलेले संदेश सोडवण्याची विद्या त्यांनी रेडिओला लावली आणि त्यातून ‘मायमो’ निघाले. आज फोर-जीचा प्रत्येक फोन आणि घराघरातला वाय-फाय त्यावर चालतो. त्यांना २०१४ चा मार्कोनी पुरस्कार मिळाला.

रत्नागिरीत सोनार आले ते मात्र नौदलाच्या वाटेने नाही. ते जपानमधून आले. १९४८ मध्ये नागासाकीकडच्या फुरुनो बंधूंनी मासे शोधणारे पहिले उपयोगी यंत्र केले. नॉर्वेत त्याच सुमारास विली सिमोनसेनच्या कंपनीने, म्हणजे आजच्या सिमराडने, हाच धंदा धरला. युद्धानंतर पाणबुड्यांचे गिऱ्हाईक आटले तेव्हा हे ज्ञान मासेमारीकडे वळले. भारतात १९५२ च्या करारानंतर केरळात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प आला, त्याने यांत्रिक नौका आणल्या. सत्तरच्या दशकात कर्नाटक-गोव्यात पर्ससीन जाळी आली, गोव्यात रापणकारांनी तिच्याविरुद्ध मोठे आंदोलन केले, आणि मग हे जाळे उत्तरेकडे सरकत रत्नागिरीच्या मिरकरवाडा, साखरीनाटे, हर्णै या बंदरांत पोचले.

पूर्वी तांडेल थवा हुडकायचा तो पाण्याच्या रंगावरून, घिरट्या घालणाऱ्या पाखरांवरून, आणि अंधाऱ्या रात्री मासळीच्या वळवळीने पाण्यात उठणाऱ्या चकाकीवरून. आता नौकेच्या बुडाला ताटलीएवढा ट्रान्सड्यूसर असतो आणि केबिनमध्ये पडदा. निळी पार्श्वभूमी, खाली तळाची जाड लालभडक पट्टी, मध्ये कुठे पिवळे-लाल ढग दिसले की बांगडा किंवा तारली. पन्नास किलोहर्ट्झने खोलवरचे दिसते, दोनशेने उथळातले बारीक. ज्यांच्याकडे सभोवार फिरणारे सोनार आहे, त्यांना थवा नौकेखाली यायचीही वाट पाहावी लागत नाही. तो कुठल्या दिशेला किती लांब आहे ते कळते. मग जाळे गोल सोडायचे, खालची दोरी आवळायची, की सगळा थवा पिशवीत. युद्धकाळात ऑपरेटरला ज्याचा वैताग यायचा, तो मासळीचा प्रतिध्वनीच इथे धंद्याचे भांडवल झाला.

कान फारच चांगले निघाले. गिलनेट आणि रापणवाल्यांची तक्रार अशी की किनाऱ्यापर्यंत मासळी पोचतच नाही. पर्ससीनवाले म्हणतात, कर्जे आमच्या डोक्यावर, डिझेल आमचे, आणि दोष तेवढा आमचा. दोघेही रत्नागिरीचेच, कधी एकाच गावचे, कधी एकाच घरातले. डॉ. सोमवंशी समितीच्या शिफारशींनंतर राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश काढला. पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर हे चारच महिने दिले, नवे परवाने थांबवले आणि असलेले टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरवले. भांडण अजून संपलेले नाही. आदेशानंतर बेकायदा नौका पकडल्याच्या बातम्या दर हंगामात येतात.

इकडे मोठा बाजार आपल्या चालीने चालू राहिला. २००५ च्या करारातून माझगाव गोदीत बांधलेल्या ‘कलवरी’ जातीच्या पाणबुड्यांचे सोनार फ्रान्सच्या थेल्सचे. २०१४ मध्ये जहाजामागे ओढायचे सोनार जर्मनीच्या अॅटलास इलेक्ट्रॉनिककडून घ्यायचा करार झाला. पाकिस्तानने आठ पाणबुड्या चीनकडून मागवल्या आणि २०२४ मध्ये त्यातली पहिली वुहानला पाण्यात उतरली. तिचे नाव पुन्हा ‘हंगोर’. त्याच बाजारात आपणही आता दुकान मांडले आहे. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, नोव्हेंबर २०१६ मध्ये, कोचीच्या प्रयोगशाळेची चार नवी यंत्रे नौदलाच्या हाती सोपवली गेली. त्यातले ‘अभय’ हे आटोपशीर सोनार खास छोट्या जहाजांसाठी. जून २०२५ मध्ये दाखल झालेली ‘अर्नाळा’ ही अशाच जहाजांच्या मालिकेतली पहिली. वसईजवळच्या किल्ल्याचे नाव, आणि काम किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात पाणबुडी हुडकण्याचे. जे पाणी ब्रिटिश यंत्रांना सर्वांत नकोसे वाटे, तेच. त्याआधी भारतीय सोनार म्यानमारला विकलेही गेले होते. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला तीस वर्षे रत्नागिरीत कोंडून ठेवणाऱ्या राजवटीनंतर, त्याच्या देशाशी आपला हा नवा व्यवहार. तिथल्या लष्कराला कान विकावेत की नाही हा प्रश्न दिल्लीत कुणी फारसा विचारला नाही.

एक कोपरा मात्र रिकामा राहिला आहे, आणि तो रत्नागिरीच्या नावाचा आहे. १९७८ ते १९८८ या काळात सोव्हिएत संघाकडून बारा सुरुंगनाशक जहाजे आली, सगळ्यांना किनाऱ्यावरच्या गावा-प्रदेशांची नावे. त्यात ‘रत्नागिरी’ होती आणि ‘कोकण’ही. समुद्रातले सुरुंग शोधायला बारीक नजरेचे, वरच्या पट्टीतले सोनार लागते. तळावरच्या गाळात अर्धवट रुतलेला लोखंडी गोळा आणि दगड यांतला फरक त्याला कळावा लागतो. सुरुंग म्हणजे काय, ते या किनाऱ्याने फार पूर्वी पाहिले होते. १९१७ च्या फेब्रुवारीत जर्मनीचे ‘वोल्फ’ हे वेष पालटलेले जहाज मुंबईसमोर गुपचूप सुरुंग पेरून गेले, आणि पुढे २३ जूनला पी अँड ओ कंपनीची ‘मंगोलिया’ त्यांतल्या एकावर आदळून बुडाली. चार महिने पाण्यात बसून राहिलेला सुरुंग.

ही जहाजे म्हातारी झाली. नव्यासाठी दक्षिण कोरियाच्या कांगनाम कंपनीशी बोलणी सुरू झाली. दलालांच्या आरोपावरून २०१४ मध्ये ती फिसकटली. मग काम गोवा शिपयार्डकडे गेले. वास्कोत बारा जहाजे बांधायची, खर्च बत्तीस हजार कोटींच्या आसपास, तंत्रज्ञान पुन्हा त्याच कांगनामचे. तेही अटींवरून अडले आणि सोडून द्यावे लागले. २०१८ मध्ये ‘कोकण’ निवृत्त झाली, २०१९ मध्ये ‘कोळिकोड’. ती शेवटची. त्या दिवसापासून एवढा लांब किनारा असलेल्या देशाकडे एकही सुरुंगनाशक जहाज नाही. जयगडला कोळशाची मोठी जहाजे लागतात, मुंबईसमोर तेलाचे फलाट उभे आहेत. जुलै २०२५ मध्ये संरक्षण सामग्री परिषदेने सुरुंगनाशक जहाजे घ्यायला तत्त्वतः मंजुरी दिली. तत्त्वतः मंजुरी ते जहाज पाण्यात, हे अंतर आपल्याकडे सहसा दहा वर्षांचे असते. या वेळीही ती देशातच बांधायची असे ठरले आहे.